लिंकनचा शाळामास्तर : जॉर्ज बूल

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात काही नवे संगणक आले. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली होती. त्या रकमेत बसतील असेच ते होते. खोकी उघडू लागताच मुले भोवती गोळा झाली. नववीतील एका चुणचुणीत विद्यार्थ्याने खोक्यावरील मजकूर वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. संगणकातील सारी आकडेमोड आणि सारे निर्णय ज्या नखाएवढ्या तुकड्यात होतात त्याला प्रोसेसर म्हणतात. आमच्या नशिबी आलेला प्रोसेसर अगदी खालच्या पायरीचा, पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे अशा नित्याच्या कामांपुरता आहे, हे त्या मुलाने ओळखले होते. आपल्या वाट्याला नेहमी खालचेच येते, अशा अर्थाचे काहीतरी तो पुटपुटला आणि बाजूला झाला.

ते पुटपुटणे आमच्या मनात सलत राहिले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. भाषा शिकविणे हा आमचा व्यवसाय. त्याला समजुतीचे चार शब्द सांगणे अवघड नव्हते, परंतु कोरड्या समजुतीने मुलाचे समाधान होत नाही हे शिक्षकाला अनुभवाने कळलेले असते. म्हणून संगणक शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही विचारले, काही पुस्तके चाळली. त्यांत बूलियन हा शब्द पुन्हा पुन्हा भेटू लागला. हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला आहे, तो माणूस आमच्यासारखाच एक शाळामास्तर होता आणि दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी निवर्तला आहे, असे कळल्यावर आमचे कुतूहल जागे झाले. त्याचे चरित्र वाचता वाचता त्या विद्यार्थ्याला द्यावयाचे उत्तर आम्हांला सापडले. तेच चरित्र येथे संक्षेपाने सांगत आहोत.

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावी झाला. अमेरिकेच्या अब्राहम लिंकनशी या गावाचा संबंध नाही; पूर्व इंग्लंडमधील हे एक जुने गाव असून तेथील टेकडीवरचे भव्य प्रार्थनामंदिर फार प्रसिद्ध आहे. जॉर्जचे वडील जॉन बूल हे जोडे शिवून पोट भरणारे कारागीर होते आणि आई मेरी अॅन ही लग्नापूर्वी एका श्रीमंत घरी दासी होती. चार भावंडांत जॉर्ज सर्वांत वडील. जॉन बूल यांचे हात जोड्यांवर चालत, पण चित्त मात्र भिंगे, दुर्बिणी आणि गणित यांत गुंतलेले असे. त्यांनी स्वतः एक दुर्बीण तयार केली आणि ज्याला ईश्वराची करणी पाहावयाची असेल त्याने आदरपूर्वक आत यावे, अशा आशयाची पाटी आपल्या दुकानाच्या खिडकीत लावली. गिऱ्हाइकांचे जोडे त्यामुळे वेळेवर तयार होत नसत, हे सांगावयास नकोच. दुकान उत्तरोत्तर खालावत गेले. परंतु थोरल्या मुलाला गणिताची पहिली गोडी लागली ती याच दुकानात.

प्राथमिक शाळेपलीकडचे शिक्षण जॉर्जला फारसे मिळाले नाही. ज्या उच्च शाळांत लॅटिन आणि ग्रीक शिकवीत, त्यांचा खर्च बूल कुटुंबाला झेपणारा नव्हता. विल्यम ब्रुक नावाच्या ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याने त्याला लॅटिनचे प्राथमिक पाठ दिले. ग्रीक भाषा त्याने कोणाच्याही मदतीवाचून, केवळ पुस्तकांच्या साहाय्याने आत्मसात केली. आमच्या घरची बोली कोंकणी आणि ग्रंथांची मराठी आम्ही शाळेच्या बाकावर व वाचनालयात बसून शिकलो. त्यामुळे पुस्तकातून परकी भाषा आपलीशी करणाऱ्या या मुलाविषयी आम्हांला विशेष आपुलकी वाटते. चौदाव्या वर्षी त्याने मेलिएजर या प्राचीन ग्रीक कवीच्या वसंतावरील कवितेचे इंग्रजी भाषांतर केले. वडिलांनी ते मोठ्या अभिमानाने गावच्या वृत्तपत्रात छापविले. ते वाचून एका शाळामास्तराने जाहीर शंका घेतली की, चौदा वर्षांच्या पोराच्या हातून असे भाषांतर होणे शक्यच नाही. गरिबाच्या मुलाने काही चांगले केले की ते त्याचे नसावे असे वाटणारी माणसे सर्व देशांत असतात.

सोळाव्या वर्षी घराचा भार जॉर्जच्या खांद्यावर आला. वडिलांचा धंदा बसला होता आणि धाकटी भावंडे लहान होती. १८३१ साली त्याने डॉन्कास्टर येथील एका शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. अपुऱ्या पगारातून ग्रंथ विकत घेणे भाग असल्यामुळे त्याने पुढे एक गमतीचा हिशेब सांगितला आहे. काव्याचे पुस्तक चार दिवसांत वाचून संपते. गणिताचे पुस्तक मात्र महिनोन्‌महिने पुरते, म्हणून तेच स्वस्त पडते! फ्रेंच गणितज्ञ लाक्रोआ आणि लाग्रांज यांचे कठीण ग्रंथ त्याने याच काळात एकट्याने वाचण्यास प्रारंभ केला. रविवारी, प्रार्थनेच्या वेळीसुद्धा तो गणिते सोडवितो अशी तक्रार काही धर्मनिष्ठ पालकांनी केली आणि ती नोकरी सुटली, असे सांगतात.

डॉन्कास्टरमधील एक प्रसंग मात्र महत्त्वाचा आहे. सतरा वर्षांचा जॉर्ज एकदा तेथील मैदान ओलांडून जात असता त्याच्या मनात अचानक एक कल्पना चमकून गेली : अंकांचे परस्परसंबंध जसे चिन्हांनी लिहिता येतात, तसे माणसाच्या विचारांचे संबंधही चिन्हांनी का लिहिता येऊ नयेत? ही कल्पना पुढे कितीतरी वर्षे मनात तशीच पडून राहिली. शेतात टाकलेले बी पाऊस येईपर्यंत मातीखाली दडून असते, त्यातलाच हा प्रकार.

एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे १८३४ साली, जॉर्ज बूल यांनी लिंकनमध्ये स्वतःची लहानशी शाळा काढली. नंतर जवळच्या वॉडिंग्टन गावची एक शाळा त्यांनी चालविली आणि १८४० साली पुन्हा लिंकनला येऊन वसतिगृहासह शाळा सुरू केली. आईवडील आणि भावंडे यांचा संसार या शाळेवर चालत असे. दिवसा मुलांचे वर्ग, सायंकाळी त्यांच्या पाट्या व वह्या, आणि सर्व निजल्यावर दिव्याच्या उजेडात स्वतःचा अभ्यास, असा त्यांचा क्रम पंधरा वर्षे अखंड चालला. गावच्या कामगारांसाठी असलेल्या ज्ञानप्रसारक संस्थेतही ते मोबदल्याची अपेक्षा न धरता शिकवीत. दुकानांतील नोकरांना रात्री लवकर सुट्टी मिळावी म्हणून गावात चळवळ झाली, तिला त्यांचा पाठिंबा होता. आणि मिळालेला फावला वेळ कसा सत्कारणी लावावा, यावर त्यांनी त्या नोकरांपुढे १८४७ साली व्याख्यानही दिले.

केंब्रिजहून निघणाऱ्या एका गणितविषयक नियतकालिकाकडे त्यांनी आपले लेख पाठविले. संपादक डंकन ग्रेगरी हे वयाने तरुण आणि वृत्तीने उदार होते. या अनोळखी मास्तराला शास्त्रीय लेखनाची शिस्त त्यांनी लावून दिली आणि बूल यांचे लेख प्रसिद्ध होऊ लागले. केंब्रिजला जाऊन पदवी घ्यावी असा विचार मनात येऊन गेला. परंतु शाळा बंद ठेवली तर घरी खाणार काय? तो विचार त्यांनी सोडून दिला. १८४४ साली त्यांचा एक प्रदीर्घ निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना सुवर्णपदक दिले. पदक घेणाऱ्याचे वय २९ वर्षे होते आणि विद्यापीठाची पायरी त्याने विद्यार्थी म्हणून कधीच चढलेली नव्हती.

आता आपण त्या मैदानातील कल्पनेकडे वळू. १८४७ साली तर्कशास्त्रावरून इंग्लंडमध्ये दोन विद्वानांत मोठा वाद पेटला होता. त्यांतील एक ऑगस्टस डी मॉर्गन हे बूल यांचे स्नेही होते. त्या वादाच्या निमित्ताने बूल यांच्या मनातील बी अंकुरले आणि काही आठवड्यांतच त्यांनी तर्कशास्त्राच्या गणिती मीमांसेवर एक छोटे पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. सात वर्षांनी, १८५४ साली, त्याच विषयाचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. विचारांचे नियम शोधणे हे त्याचे प्रयोजन होते.

बूल यांची युक्ती आपल्या शाळेतील उदाहरणाने समजून घेऊ. प्रार्थनेसाठी सारी शाळा मैदानावर उभी आहे. चष्मा लावणाऱ्यांनी पुढे यावे, या आज्ञेला आपण क्ष म्हणू. सायकलीने येणाऱ्यांनी पुढे यावे, या आज्ञेला य म्हणू. दोन्ही आज्ञा एकापुढे एक दिल्या, तर चष्मा लावणारे आणि सायकलीने येणारे असे दोन्ही असलेले विद्यार्थीच उरतील. हे बूल यांनी क्ष × य असे लिहिले. आता पहिलीच आज्ञा दोनदा दिली तर काय होईल? चष्मेवाले पुढे आले. त्यांतील चष्मेवाल्यांनी पुन्हा पुढे यावे म्हटले तर तेच सर्व उभे राहतील. म्हणून क्ष × क्ष = क्ष.

हे समीकरण दिसावयास साधे आहे, पण ते जरा अंकगणितात घालून पाहा. २ × २ = ४ होतात, ५ × ५ = २५ होतात; स्वतःशीच गुणले असता जसाच्या तसा राहतो असा अंक कोणता? केवळ दोनच आहेत : ० आणि १. विचारांचे गणित मांडावयाचे तर हे दोन अंक पुरे होतात, असे बूल यांच्या ध्यानात आले. १ म्हणजे मैदानावरील सर्व शाळा आणि ० म्हणजे कोणीही नाही. मग चष्मा न लावणारे विद्यार्थी म्हणजे १ − क्ष. जो चष्मा लावतो आणि लावतही नाही असा विद्यार्थी असू शकत नाही, म्हणून क्ष × (१ − क्ष) = ०. कोणतीही गोष्ट एकाच वेळी आहे आणि नाही असे होत नाही, हा तर्कशास्त्रातील अतिप्राचीन सिद्धान्त त्यांनी अशा रीतीने बीजगणिताच्या एका ओळीत बसविला. आणि, किंवा, नाही हे आपल्या रोजच्या बोलण्यातील तीन लहानसे शब्द; त्यांचे गणित या मास्तराने बांधून दिले. पुढच्या पंडितांनी, विशेषतः जेव्हन्स यांनी, त्यात काही सुधारणा केल्या. पण पाया बूल यांचाच राहिला.

या अवधीत त्यांच्या आयुष्यालाही नवे वळण लागले होते. आयर्लंडमध्ये त्या वेळी बटाट्याचे पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला होता. त्याच दिवसांत तेथे सरकारने नवी महाविद्यालये उघडण्याचे ठरविले. आपण कोणत्याही विद्यापीठात शिकलो नाही, हे अर्जात प्रामाणिकपणे नमूद करून बूल यांनी प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. उत्तराची वाट त्यांना जवळजवळ तीन वर्षे पाहावी लागली. अखेर १८४९ साली कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजचे गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वडील आदल्याच वर्षी वारले होते. जोड्यांच्या दुकानातून निघालेला हा प्रवास कोठवर पोहोचला, हे पाहण्यास ते उरले नाहीत.

प्राध्यापक बूल यांच्या तंद्रीची एक गोष्ट सांगतात. एकदा ते वर्गात लवकर आले आणि विचारात गढून येरझारा घालू लागले. विद्यार्थी आले, जागेवर बसले, तास संपेपर्यंत निमूटपणे पाहत राहिले आणि शेवटी उठून गेले. घरी परतल्यावर बूल यांनी पत्नीला मोठ्या आश्चर्याने सांगितले की, आज वर्गात एकही विद्यार्थी आला नाही!

ही पत्नी म्हणजे मेरी एव्हरेस्ट. कॉर्क येथील ग्रीकचे प्राध्यापक हे तिचे मामा आणि हिंदुस्थानच्या मोजणीखात्याचे प्रसिद्ध अधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट हे तिचे काका. जगातील सर्वोच्च शिखराला १८६५ साली ज्यांचे नाव देण्यात आले, तेच हे एव्हरेस्ट. आम्हा भोपाळकरांना त्यांचे नाव अगदीच दूरचे नाही. आपल्या शेजारच्या विदिशा जिल्ह्यात सिरोंज हे गाव आहे. तेथील सपाट माळावर एव्हरेस्ट यांनी १८२४-२५ च्या हिवाळ्यात सुमारे सात मैल लांबीची पायारेषा साखळीने अत्यंत काटेकोरपणे मोजली आणि त्या मोजमापावर दक्षिणेकडून हिमालयाकडे जाणारी मोजणी पुढे चालविली. त्यांच्या पुतणीशी बूल यांचा विवाह १८५५ साली झाला. बूल यांनीच तिला उच्च गणित शिकविले होते. हिंदुस्थानातील विचारपद्धतीचा ठसा काकांच्या मनावर उमटला होता आणि तो पुढे बूल आदी गणितज्ञांपर्यंत पोहोचला, असे तिने उतारवयात जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून लिहिले. हे किती खरे मानावे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु आपल्या देशाविषयी या बाईंच्या मनात आदर होता, एवढे त्यातून निश्चित दिसते.

सुखाचा हा संसार अवघा नऊ वर्षे टिकला. १८६४ सालच्या नोव्हेंबरच्या अखेरीस एके दिवशी घरून कॉलेजकडे पायी निघालेल्या बूल यांना वाटेत जोराच्या पावसाने गाठले. अंतर सुमारे तीन मैलांचे होते. परत फिरले तर विद्यार्थ्यांचा तास चुकला असता. ते तसेच पुढे गेले आणि ओल्या कपड्यांनीच त्यांनी व्याख्यान पुरे केले. त्यांना ताप भरला, फुप्फुसांना सूज आली आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

पाच मुली मागे राहिल्या. धाकटी एथेल जेमतेम सात महिन्यांची होती. मेरी बूल लंडनला आल्या, मुलींच्या एका महाविद्यालयात ग्रंथपालाचे काम करू लागल्या आणि मुलांना गणित हसतखेळत कसे शिकवावे यावर पुस्तके लिहू लागल्या. पुठ्ठ्यावर भोके पाडून सरळ धागे ओवीत गेले की त्यांतून आपोआप वक्ररेषा उमटते. आपल्या शाळेच्या प्रदर्शनात मुली दरवर्षी करतात ती ही नक्षी या बाईंनीच शिक्षणात आणली. पुढे अॅलिशियाने चार मितींच्या भूमितीत नाव मिळविले, लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली आणि एथेलने १८९७ साली लिहिलेली गॅडफ्लाय ही कादंबरी जगभर वाचली गेली.

बूल यांचे बीजगणित मात्र दीर्घकाळ पंडितांच्या कपाटातच पडून होते. त्याचा व्यवहारात काही उपयोग असेल असे फारच थोड्यांना वाटे. १९३७ साली अमेरिकेतील क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात एक साधी गोष्ट दाखवून दिली. विजेचा खटका एक तर चालू असतो किंवा बंद असतो. म्हणजेच १ किंवा ०. दोन खटके एकामागे एक जोडले तर दोन्ही चालू असतील तरच दिवा लागतो. हा झाला आणि. शेजारी शेजारी जोडले तर कोणताही एक चालू असला की पुरे. हा झाला किंवा. मग खटक्यांच्या जाळ्याने बूल यांची सारी समीकरणे सोडविता येतील! शॅनन यांच्यापुढे होते ते रिले नावाचे विजेने चालणारे खटके. आपल्या शाळेतील ज्या मुलांचे आजोबा किंवा वडील येथील भेल कारखान्यात आयुष्यभर खपले, त्यांना रिले म्हणजे काय हे घरीच विचारता येईल.

रिलेच्या जागी पुढे निर्वात नळ्या आल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच तंत्रज्ञांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामास लागला, तो अशाच नळ्यांचा होता. नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आणि मग असंख्य ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एका कपचीवर कोरण्याची विद्या साध्य झाली. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ या नावाचा प्रोसेसर विक्रीस काढला. त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. तो कशासाठी घडविला होता, हे आमच्या त्या नववीतील विद्यार्थ्याने अवश्य ध्यानात ठेवावे. एका जपानी कंपनीच्या टेबलावर ठेवावयाच्या हिशेबयंत्रासाठी! रोजची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या यंत्रातूनच प्रोसेसरचे हे सारे घराणे उदयाला आले.

आज आमच्या संगणक-कक्षात असलेला स्वस्त प्रोसेसर काय करतो? दोन अंक घ्या. ० आणि ० मिळविले तर ०. ० आणि १ मिळविले तर १. १ आणि १ मिळविले तर दोन, म्हणजे दोनच अंकांच्या लेखनात १०. यातील डावीकडचा अंक केव्हा १ होतो? पहिला आणि दुसरा दोन्ही १ असतील तेव्हा. उजवीकडचा अंक केव्हा १ होतो? पहिला किंवा दुसरा १ असेल, परंतु दोन्ही नसतील तेव्हा. आणि, किंवा, नाही या तीन शब्दांवाचून यात दुसरे काही आहे काय? अशा बेरजांवर बेरजा रचून आपली गुणपत्रिका तयार होते. अक्षरेही शेवटी अंकच असतात. देवनागरीतील क हे अक्षर संगणक २३२५ या क्रमांकाने ओळखतो आणि तो क्रमांक आपल्या पोटात १००१०००१०१०१ असा साठवितो. मराठी, हिंदी आणि आमची कोंकणी, तिन्हींचा क तेथे एकच.

महाग प्रोसेसर आणि स्वस्त प्रोसेसर यांत भेद असतो तो वेगाचा आणि संख्येचा. स्वस्तात काम करणारे गाभे कमी, हाताशी ठेवलेली स्मृती थोडी, ठोके जरा मंद. मंद म्हणजे तरी किती? सेकंदाला तीनशे कोटींच्या आसपास ठोके साध्या प्रोसेसरलाही जड नाहीत. कित्येकदा तर दोन्ही एकाच नमुन्याच्या कपच्या असतात; ज्या कपचीचा एखादा भाग सदोष निघाला तो भाग बंद करून उरलेली कपची कमी किमतीस विकतात. चलच्चित्रे घडविणे, मोठमोठे खेळ खेळणे, हवामानाचा अंदाज बांधणे अशा अवजड कामांत ती मागे पडेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु अर्ज लिहिणे, हिशेब मांडणे, धडा वाचणे, प्रोग्रॅम लिहावयास शिकणे यांसाठी ती पुरून उरते. आणि मुख्य गोष्ट अशी की, बूलचा नियम दोघींनाही सारखाच लागू आहे. सर्वांत महाग प्रोसेसरमध्ये आणि, किंवा, नाही यांचा अर्थ जो आहे तोच सर्वांत स्वस्त प्रोसेसरमध्ये आहे. तेथे १ आणि १ मिळून जे होते, तेच येथेही होते.

विद्यार्थी मित्रहो, बूल यांना उत्तम शाळा मिळाली नाही, विद्यापीठ मिळाले नाही, ग्रंथसुद्धा मोजकेच मिळाले. गरिबी ही चांगली गोष्ट आहे असे आम्ही म्हणणार नाही; ग्रेगरीसारखा संपादक आणि ब्रुकसारखा पुस्तकविक्रेता भेटला नसता, तर हा माणूस लिंकनच्या गल्लीतच हरवला असता, आणि असे कितीतरी हरवलेही असतील. म्हणूनच शाळेने, पालकांनी आणि गावाने मुलांच्या हाती जे देता येईल ते दिले पाहिजे. आमच्या संगणक-कक्षातील यंत्रे अशाच देण्यातून आली आहेत.

तो नववीतील विद्यार्थी आता शाळा सुटल्यावरही त्या कक्षात बसलेला दिसतो. परवा त्याने शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची यादी संगणकावर चढविली आणि लेखकाचे नाव आणि विषय अशा दोन्ही अटी घालून हवे ते पुस्तक शोधून दाखविले. आणि या शब्दावर बोट ठेवून आम्ही त्याला विचारले की, हे कोणाचे गणित? त्याने लिंकनच्या त्या मास्तराचे नाव अचूक सांगितले आणि पुढील पुस्तकाचे नाव लिहावयास घेतले.